मुसळीचं घर

मृगाचे दोन पाऊस झाले, डोंगर हिरवा झाला, की बायामाणसं भाजीला रानात जातात. येताना ओटीत, टोपलीत लांब लांब हिरवी पानं असतात. लांबून गवतासारखी दिसतात, पण ते गवत नव्हे. ठाणे, पालघर, रायगडकडे या भाजीला फोडशी म्हणतात. कुणी कुलू म्हणतं. निवडून, धुऊन, चिरून डाळ घालून परतली की भाकरीबरोबर गोड लागते. पावसाळ्याच्या तोंडी घरात दुसरी भाजी नसते, तेव्हा हीच घर चालवते.

ही झाली पानं. पण पानांच्या खाली, मातीत, काय आहे? तिथं मुसळी आहे. फोडशीच्या भावकीत सारख्या दिसणाऱ्या चार-सहा वनस्पती आहेत. त्यांपैकी एकीच्या मुळांना औषधाच्या बाजारात फार मोल आहे. तीच पांढरी मुसळी. हिंदीत सफेद मुसली.

मुसळी हे नाव कसं पडलं, ते मूळ हातात घेतलं की लगेच कळतं. बोटाएवढं लांब, मध्ये जाड, टोकाला निमुळतं. मुसळाचं लहान पोरच जणू! अशी पाच-सहापासून वीस-पंचवीसपर्यंत मुळं एका जागी झुबक्यानं फुटलेली असतात. ती जिथून फुटतात त्या गाठीला आपण बुडखा म्हणू. हा बुडखा लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

मुंबईजवळ बोरिवली आहे. आज तिथं उंच उंच इमारती आहेत, पण पाठीमागच्या डोंगरावर अजून जंगल राखलेलं आहे. या मुसळीच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचं नाव आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम. फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत तिला हे नाव दिलं. सांतापाऊ जन्मानं स्पेन देशाचे, पण मुंबईला कॉलेजात शिकवत आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीच्या रानात हिंडत. म्हणजे बघा, साऱ्या जगात ही वनस्पती आपल्या एका गावाच्या नावानं ओळखली जाते.

तिच्या दुसऱ्या एका बहिणीची मुळं वेगळी असतात. आधी दोऱ्यासारखं बारीक मूळ आणि त्याच्या टोकाला लोंबता कंद. बोरिवलीच्या मुसळीचं मूळ तसं नसतं. ते बुडख्यापासूनच जाड होत येतं. व्यापारी दोन्ही ओळखतो आणि दोन्हींना वेगळा भाव देतो. आपणही ओळखावं. काळी मुसळी तर निराळीच आहे. तिला जमिनीलगत पिवळी फुलं येतात आणि पानं लहान ताडाच्या रोपासारखी दिसतात.

आता ही मुसळी राहते कुठं? ठाणे-पालघरचे डोंगर, नाशिककडचा घाट, नंदुरबार-धुळ्याचा सातपुडा, मेळघाट. महाराष्ट्राबाहेर डांग, मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग, राजस्थानात अरवलीचं दक्षिण टोक. ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, पण मुसळीची जागा सगळीकडे एकसारखी असते. उतार असतो. वर साग, ऐन, पळस किंवा बांबूचं बेट असतं. झाडं दाटही नसतात, विरळही नसतात. ऊन खाली येतं, पण गाळून येतं. झाडांचा पाला वर्षानुवर्षं पडून कुजतो आणि जमिनीवर त्याचा काळा, भुसभुशीत थर बसतो. त्या थरात मुसळी असते. खाली मुरूम असतो. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी थांबत नाही. वरून आलं, मातीनं हवं तेवढं घेतलं, उरलेलं उतारानं निघून गेलं.

मुसळीला काय हवं ते एवढ्यात आलं. ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. सावली हवी, पण अंधार नको. माती पोकळ हवी, म्हणजे मुळाला जाड व्हायला जागा मिळते. काळ्या चिकण जमिनीत पाणी तुंबतं, मुळं सडतात. चिकण माती वाळली की आवळते आणि मूळ वाकडंतिकडं, बारीक राहतं. एखादा म्हणेल, "आमची काळी जमीन कापसाला इतकी चांगली, ती मुसळीला का चालू नये?" नाहीच चालत. मासा कितीही धडधाकट असला तरी माळावर जगत नाही.

मुसळीचं वर्ष आपल्या वर्षासारखं नाही. ती चार महिने वर येते आणि आठ महिने खाली झोपते. ज्येष्ठात पाऊस पडला की बुडख्यावरचा डोळा फुटतो, पानं वर येतात. ही पहिली पानं कशाच्या जिवावर येतात? गेल्या वर्षीच्या मुळांत साठवलेल्या अन्नावर. म्हणून त्या दिवसांत उकरून पाहिलं तर जुनी मुळं सुरकुतलेली, रिकाम्या पिशवीसारखी दिसतात. पानं मोठी झाली की ती उन्हातून अन्न तयार करतात आणि नव्या मुळांत खाली पाठवतात. आषाढ-श्रावणात मधून एक दांडा निघतो, त्यावर लहान पांढरी फुलं येतात. मग बोंडं. बोंडात कांद्याच्या बीसारखं काळं बी. भाद्रपद-आश्विनात पानं पिवळी होतात, वाळतात, गळून जातात. बी तिथंच खाली पडतं. जमिनीवर काही उरत नाही.

बी पुष्कळ पडतं, पण उगवतं थोडं. शंभर बियांतून वीस-पंचवीस रोपं येणंही अवघड. आणि जी येतात ती पहिल्या वर्षी अगदी किडकिडीत असतात. त्यांची मुळं विकण्याजोगी व्हायला काही वर्षं जातात. जंगलात मुसळी टिकते ती मुख्यतः बुडख्याच्या जिवावर.

इथंच सगळं अडतं. ते कसं, सांगतो.

पानं गळली तेव्हा मुळं पिकली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्या वेळी मूळ भरलेलं असतं, पण कच्चं असतं. साल पांढरी किंवा फिकट पिवळी असते, आतला गर पाणचट असतो. मूळ पुढं दोन-तीन महिने मातीतच पिकतं. साल हळूहळू तपकिरी होते, मग काळपट होते. तेव्हा मूळ घट्ट असतं आणि सुकवल्यावर वजन राखतं. म्हणजे मुसळी खणायची वेळ दिवाळीच्या बरीच नंतर, मार्गशीर्ष-पौषापासून पुढं. पण तेव्हा डोंगरावर पान नसतं, दांडा नसतो, खूण नसते. खणणार कुठं?

म्हणून माणसं श्रावण-भाद्रपदातच खणतात. पान हिरवं आहे, दिसतंय, तोवर कुदळ मारून मोकळी होतात. शिवाय मनात भीती असते: आज मी नाही खणलं तर उद्या दुसरा खणेल. दारात व्यापारी उभा असतो, त्याला ओला माल हवा असतो. घरात दाणे संपलेले असतात, कारण पावसाळ्याचे ते दिवसच ओढीचे. या माणसांना नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. पोट कुणाला चुकलंय? पण हिशेब मात्र मांडून पाहावा, कारण नुकसान त्यांचंच होतं.

कच्चं मूळ सुकलं की सुतळीसारखं होतं. ते पिवळं पडतं, त्याला भाव मिळत नाही. पिकलेली ओली मुळं १०० किलो असली तर सोलून, सुकवून साधारण १५ ते २० किलो पांढरी मुसळी मिळते. कच्च्याची त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे तितकंच श्रम, तितकीच पायपीट आणि पैसा कमी. दुसरं असं, भाद्रपदाच्या आधी खणलं तर बी पडलेलंच नसतं. आणि तिसरं, घाईत सगळा झुबका बुडख्यासकट टोपलीत जातो. बी गेलं, बुडखाही गेला. पुढच्या ज्येष्ठात त्या जागी फुटायला काही उरत नाही. अशी पाच-दहा वर्षं गेली की डोंगर रिकामा. जिथं पूर्वी गावाजवळ मुसळी मिळायची, तिथं आता दोन डोंगर ओलांडावे लागतात, असं जुनी माणसं सांगतात ते याचमुळं.

मग करायचं काय? साधं आहे. पान हिरवं असताना जागा हेरायची, पण खणायचं नाही. शेजारी खुंटी ठोकायची किंवा दोन दगड एकावर एक ठेवायचे. झाडाच्या बुंध्यापासून किती पावलं, ते ध्यानात धरायचं. आता तुम्हाला लिहिता येतं, तेव्हा वहीतही टिपता येईल: मोठा ऐन, उगवतीकडे सात पावलं, तीन झुबके. पान वाळलं, बी पडलं, थंडी पडली की वही घेऊन जायचं. एका बाजूनं माती उकरायची. जाड मुळं तोडून घ्यायची आणि बुडखा दोन-तीन मुळांसकट तिथंच परत पुरायचा. वर माती, मातीवर पाला. आणि भाजीसाठी पानं खुडायची ती दुसऱ्या जागची. एकाच झाडाची पानंही खाल्ली आणि मुळंही हवीत, हे जमत नाही. पानंच नाहीत तर मुळाला अन्न कोण पाठवणार?

एकट्या घरानं हे केलं तर ते मूर्खपणाचं ठरेल, हेही खरं. खुंटी मी ठोकायची आणि मूळ दुसऱ्यानं न्यायचं! म्हणून हे गावानं मिळून ठरवायचं काम आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्या आदिवासींना आणि इतर रहिवाशांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या कायद्यानं मान्य केला. औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांची नावं त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. त्याच कायद्यानं ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा अधिकारही दिला. तेव्हा अमुक तिथीच्या आधी कुणी मुसळी खणायची नाही, यंदा पूर्वेकडचा डोंगर खणायचा आणि पश्चिमेकडचा राखायचा, असं ग्रामसभा ठरवू शकते. दावा मंजूर झाला आहे का, ते आधी विचारून घ्या. जवळचं जंगल अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर तिथले नियम कडक असतात. तिथं विचारल्याशिवाय कुदळ नेऊ नका.

आता शेताकडे येऊ. रानात मिळेना, तेव्हा लोकांनी मुसळी शेतात लावली. हे चांगलंच झालं. शेतात पिकली तर रानावरचा भार हलका होतो. पण २००० सालानंतर चार-पाच वर्षं एक वेगळंच वारं सुटलं. पेपरात जाहिराती आल्या. "एकरी लाखो रुपये मिळवा. बेणं आम्ही देतो, माल आम्हीच घेतो." बेण्याचा भाव किलोला शेकड्यांनी रुपये. लोकांनी कर्ज काढलं, कुणी बैल विकले. पहिल्या वर्षी ज्यांनी लावली, त्यांनी दुसऱ्या वर्षी मुळं औषधाला विकलीच नाहीत. बेणं म्हणून पुढच्यांना विकली. त्यांनी त्याच्या पुढच्यांना. जोवर नवा घेणारा भेटत होता, तोवर सगळे खूश होते. मग एक दिवस शेतात मुसळीच मुसळी झाली आणि बेणं घेणारं कुणी उरलं नाही. औषधवाले घेतील तो भाव जाहिरातीतल्या भावाजवळही नव्हता. माल घेऊ म्हणणाऱ्या कित्येकांची कचेरी बंद झालेली होती. कागदावर सह्या होत्या, पण माणूस कुठं शोधायचा?

यात मुसळीचा दोष नव्हता. तिनं आपलं काम केलं. म्हणून आज कुणाला लावायची असेल तर आमचं म्हणणं एवढंच, की पहिल्या वर्षी एक गुंठा लावा. त्याचा हिशेब असा. गुंठ्याभरात पाण्याचे चर आणि वाट सोडून सुमारे २००० बुडखे बसतात. ओळीत वीतभराहून थोडं कमी आणि दोन ओळींत फूटभर अंतर. एका बेण्याचं वजन ५ ग्रॅम धरलं तर १० किलो बेणं लागतं. प्रत्येक बेण्याला बुडख्याचा तुकडा आणि त्यावर डोळा असलाच पाहिजे. नुसतं मूळ कितीही जाडजूड असलं तरी ते उगवत नाही. बेणं घेताना फसवणूक होते ती इथंच. टोपली ओतून एकेक पाहून घ्या, लाजू नका.

पीक चांगलं साधलं तर लावल्याच्या चार-पाच पट मुळं निघतात. साधलं नाही तर दुप्पटही नाही. चार पट धरू. म्हणजे ४० किलो. त्यातली १० किलो पुढच्या वर्षीच्या बेण्याला ठेवली. उरली ३०. ती सोलून, सुकवून साडेचार ते सहा किलो. आता जवळच्या बाजारात दोन-तीन ठिकाणी सुक्या मुसळीचा भाव विचारा आणि गुणाकार करा. त्यातून सोलायची मजुरी वजा करा. ती विसरू नका, कारण सोलणं हेच सर्वांत मोठं काम आहे. जे उरेल ते तुमचं. हा आकडा पाहून पुढं जायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. जाहिरातवाल्याला ठरवू देऊ नका.

लावायची तर जंगलासारखं घर करून द्यावं लागतं. हलकी, पोयट्याची, निचऱ्याची जमीन निवडा. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला. कच्चं शेणखत घातलं की हुमणी येते आणि ती मुळं कुरतडते. सपाट रानात लावू नका. फूटभर उंच गादीवाफे करा आणि मध्ये चर ठेवा, म्हणजे झाला उतार. पाऊस सुरू होताना लावा. कडेला तूर किंवा आंतरानं एरंडी असेल तर सावलीही मिळते. तण वाढू देऊ नका, पण खुरपं खोल घालू नका, बुडखा दुखावतो. पाऊस ओढ देऊ लागला तर हलकं पाणी. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करा. पानं गळाली तरी शेत मोडू नका. मुळं आत पिकू द्या. खणायच्या एक-दोन दिवस आधी थोडं पाणी दिलं की माती सैल होते, मूळ तुटत नाही.

मुळं काढली, धुतली, की साल चाकूनं खरवडून काढायची. पिकलेल्या मुळाची साल सहज निघते. दगडावर घासून सोलू नये, त्यात गरही जातो आणि माल मळतो. मग स्वच्छ कापडावर कडक उन्हात सुकवायची. रात्री दहिवरात ठेवायची नाही, आत घ्यायची. मोडल्यावर कट् असा आवाज आला की सुकली. ओली राहिली तर बुरशी धरते आणि सारा पोतं फुकट. लांब, जाड, पांढरीशुभ्र मुळं एकीकडे आणि तुकडे दुसरीकडे ठेवावे. एकत्र विकली तर सगळ्याला तुकड्यांचा भाव मिळतो.

औषधाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. आपल्या वैद्यकात मुसळी शक्तीसाठी देतात. आजारातून उठलेल्याला, अशक्त माणसाला, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. ती दुधातून घ्यायची रीत आहे. पण बाजारात तिच्या नावानं काय काय गोष्टी सांगतात! म्हातारा तरुण होतो म्हणतात, सगळे रोग जातात म्हणतात. त्यासाठी शंभराच्या नोटा मोजू नका. भुकटी असेल तर तिच्यात काय काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. कित्येकदा शतावरीची मुळं मुसळी म्हणून खपवतात. घरात कुणी आजारी असेल, बाई गरोदर असेल, साखरेचा आजार असेल, तर डॉक्टरला किंवा शिकलेल्या वैद्याला विचारूनच काय ते द्या. आणि रानातला ओळखीचा नसलेला कंद कधीही तोंडात घालू नका. त्याच डोंगरावर, त्याच पावसात कळलावीही उगवते. तिचं फूल फार सुंदर, पण कंद जीव घेणारा.

बेण्याचं राहिलं. पुढच्या वर्षीसाठी ठेवलेले बुडखे सोलायचे नाहीत, धुवायचेही नाहीत. जमीन मोकळी करायची घाई नसेल तर ते मातीतच राहू द्यावे, तिथं ते सर्वांत सुखात असतात. काढावेच लागले तर घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात कोरड्या वाळूत थरानं ठेवावे आणि उंदरांपासून जपावे. महिन्यातून एकदा वाळू हलवून सडलेला असेल तो बाजूला काढावा. वैशाखाच्या शेवटी, पाऊस अजून लांब असताना, काही बुडख्यांवर आपोआप हिरवट टोक दिसू लागतं. ते दिसलं की वाफे तयार करायला घ्यावेत.